क्षेपणास्त्रांची चाचणी समुद्रकाठीच का होते? पेनेम्युंडेची कथा

‘बंगालच्या उपसागरावरील हवाई हद्द बंद, नोटॅम जारी’ अशी बातमी वर्षातून कितीतरी वेळा येते. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी काढलेली सूचना. अमुक तारखांना, अमुक वेळेत, समुद्रावरच्या अमुक पट्ट्यातून विमान नेऊ नये, एवढेच ती सांगते. मग एक-दोन दिवसांत ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्राची चाचणी झाल्याचे कळते. पण देशात एवढे मोठे वाळवंट असताना किनाराच का लागतो, समुद्रात काहीतरी नेऊन बुडवल्याने शास्त्रज्ञांना काय समजते आणि ‘चाचणी यशस्वी’ म्हणजे नेमके काय झाले, हे त्या चार ओळींच्या बातमीत कुठेच नसते.

या प्रश्नांचा माग काढत मागे गेले, तर वाट जर्मनीच्या उत्तर टोकाला, बाल्टिक समुद्रातील उझेडोम नावाच्या बेटावर जाऊन पोहोचते. पेने नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे पेनेम्युंडे हे मच्छीमारांचे एक लहानसे गाव होते. त्या नावाचा अर्थच ‘पेनेचे मुख’ असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काही वर्षे आधी हे गाव उठवून तिथे अग्निबाणांचा जगातला पहिला प्रचंड चाचणीतळ उभारण्यात आला. आज जगभर चाचण्यांची जी रीत रूढ आहे, तिचे बहुतेक धागे त्या वाळूत सापडतात, आणि त्याच वाळूत असेही बरेच काही पुरलेले आहे, जे अवकाशयुगाच्या गौरवगाथांमध्ये सहसा सांगितले जात नाही.

चाचणीतळ म्हणजे नेमके काय?

दिवाळीत आपण बाटलीत रॉकेट उभे करतो, वात पेटवतो आणि ते वर जाण्याऐवजी शेजाऱ्यांच्या गॅलरीत शिरले की हसून दुसरे पेटवतो. पहिले का वाकडे गेले, याचा शोध कोणी घेत नाही. चाचणीतळाचे सारे प्रयोजन या एका प्रश्नात आहे. अग्निबाण उडवायला मोकळी जागा पुरते; तो का बिघडला हे सांगता यायला मात्र फार मोठा संसार मांडावा लागतो.

त्यासाठी आधी इंजिन उडू न देता, पोलादी सांगाड्याला जखडून पेटवतात आणि त्याचा जोर, तापमान, दाब मोजतात. या सांगाड्याला चाचणी-मंच म्हणतात. इंजिन तिथे पास झाले की मग पूर्ण अग्निबाण सोडायचा, आणि तो जिथून जिथून जाणार त्या संपूर्ण मार्गावर त्याच्याकडे पाहणारे डोळे हवेत. तो भरकटला तरी कोणाच्या घरावर पडता कामा नये. शेकडो किलोमीटरचा निर्मनुष्य पट्टा आणि त्याच्या कडेने मापनकेंद्रे बसवायला जमीन, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणे जमिनीवर जवळपास अशक्य असते. किनाऱ्याला समांतर मारा केला, तर समुद्र मोकळा पट्टा पुरवतो आणि किनारा डोळे पुरवतो. पेनेम्युंडेहून पूर्वेकडे, पोमेरेनियाच्या किनाऱ्याच्या कडेकडेने, सुमारे ४०० किलोमीटर असे पाणी उपलब्ध होते.

बदकांच्या शिकारीची जागा

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या जड तोफांवर कडक बंधने घातली होती. तह लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अग्निबाण नव्हताच, त्यामुळे तहात त्याचा उल्लेखही नव्हता, आणि जर्मन सेनेच्या तोफखाना विभागाला ही फट बरोबर दिसली. वॉल्टर डॉर्नबर्गर हे तिथले अधिकारी, आणि १९३२ मध्ये त्यांच्याकडे आलेला वेर्नर फॉन ब्राउन हा विशीतला तरुण अंतराळप्रवासाच्या स्वप्नाने झपाटलेला होता. बर्लिनच्या दक्षिणेस कुमर्सडोर्फ येथे त्यांचे काम सुरू झाले. पण अग्निबाण मोठे होत गेले, तसे ते आवार त्यांना अपुरे पडू लागले.

फॉन ब्राउन यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी, की नवी जागा शोधत असताना त्यांच्या आईने पेनेम्युंडेचे नाव सुचवले, कारण आजोबा तिथे बदकांच्या शिकारीला जात असत. १९३६ मध्ये जागा ताब्यात आली आणि १९३७ मध्ये तळ सुरू झाला. पूर्वेचा भाग सेनेचा आणि पश्चिमेचा वायुदलाचा. पश्चिम भागात पुढे ‘व्ही-१’ या उडत्या बाँबची चाचणी झाली, परंतु त्याचे इंजिन बाहेरची हवा ओढून चालणारे असल्यामुळे तो अग्निबाण नव्हे. या लेखापुरते त्याला बाजूला ठेवू.

हळूहळू तिथे रेल्वे आली, बंदर आले, द्रवरूप ऑक्सिजन तयार करणारा कारखाना आला, कोळशावर चालणारे ३० मेगावॉटचे वीजघर आले आणि ध्वनीच्या चौपटीहून अधिक वेगाचा वारा निर्माण करणारा वातबोगदाही आला. या बोगद्यात अग्निबाण जागीच राहतो आणि वारा त्याच्या अंगावरून धावतो, म्हणजे उड्डाणात त्याची शेपटी कशी वागेल हे आधीच पाहता येते. एकाच कुंपणाच्या आत अभिकल्प, कारखाना, मंच, मापन आणि मारा हे सारे आणण्याची कल्पना त्या काळी नवी होती, आणि माझ्या मते पेनेम्युंडेचा खरा शोध तोच होता. अग्निबाण हे त्या व्यवस्थेतून बाहेर पडलेले फळ होते.

‘ए-४’च्या पोटात काय होते?

डॉर्नबर्गर यांना पहिल्या महायुद्धात पॅरिसवर डागलेल्या लांब पल्ल्याच्या तोफेहून कितीतरी जास्त दूर आणि कितीतरी जास्त स्फोटके नेणारे अस्त्र हवे होते, मात्र ते रेल्वेच्या बोगद्यांतून आणि रस्त्यांच्या वळणांवरून नेता आले पाहिजे, अशीही अट होती. त्यातून १४ मीटर उंच आणि इंधन भरल्यावर सुमारे साडेबारा टन वजनाचा ‘ए-४’ घडला. युद्धाच्या प्रचारयंत्रणेने पुढे त्याला ‘व्ही-२’ म्हटले. त्यातला ‘व्ही’ म्हणजे जर्मनमधील सूड.

इंधन म्हणजे तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग पाणी. सोबतीला द्रवरूप ऑक्सिजन, कारण जिथे हवा विरळ आहे तिथे जळण्यासाठी लागणारा प्राणवायू बरोबरच न्यावा लागतो. हे अल्कोहोल बटाट्यांपासून काढत, आणि एका उड्डाणाला सुमारे ३० टन बटाटे लागत, असा हिशेब सांगितला जातो. अन्नाची टंचाई असलेल्या देशाने हे बटाटे आकाशात जाळले.

खरी अडचण इंधन पुरेशा वेगाने इंजिनात ढकलण्याची होती. दर सेकंदाला सुमारे १२५ किलो द्रव ज्वलनकक्षात जायला हवा होता. आपल्या मोरीतला २०० लिटरचा पिंप दोन सेकंदांच्या आत रिकामा करणारा पंप डोळ्यांसमोर आणा, आणि तोही उडत्या नळकांड्यात बसेल एवढा. हा पंप हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनातून निघणाऱ्या वाफेवर फिरत असे. कक्षाच्या माथ्यावर वाट्यांसारखी १८ तोंडे होती. त्यांतून इंधनाचे फवारे उडत आणि जाळ होत असे.

त्या जाळात पोलाद वितळायला हवे होते. ते वितळले नाही, याचे कारण कागदाच्या द्रोणात पाणी उकळून पाहणाऱ्या कोणत्याही मुलाला कळेल: आत पाणी आहे तोवर कागद पेटत नाही, कारण उष्णता पाणी घेऊन जाते. इंजिनाची भिंत दुहेरी होती, आणि जळण्याआधी अल्कोहोल या दोन भिंतींमधून खेळवले जाई. जे पुढच्या क्षणी पेटणार, तेच आधी भिंत थंड ठेवी. ही युक्ती आजही मोठ्या द्रव-इंधन इंजिनांत वापरली जाते.

दिशा राखण्यासाठी भोवरा होता. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सहज बदलू देत नाही. त्याला आधार धरून, अग्निबाण किती कलला हे यंत्राला कळत असे. कलला की झोताच्या ऐन तोंडात बसवलेली चार लहान वल्ही हलत आणि झोत वळवत. ही वल्ही ग्राफाइटची, म्हणजे शिसपेन्सिलीत असते त्याच पदार्थाची होती. झोतात ती झिजत जात, पण त्यांना जेमतेम एक मिनिट टिकायचे होते, आणि तेवढी ती टिकत.

कारण इंजिन चालायचेच सुमारे ६५ सेकंद. गोफणीतून सुटलेला दगड कुठे पडणार, हे हाताने दोरी सोडली त्या क्षणाच्या वेगावर आणि दिशेवर ठरते. पुढे हात काही करू शकत नाही. ए-४चेही तसेच होते. नेमका वेग आला की इंजिन बंद करायचे आणि पुढचा जवळपास ३०० किलोमीटरचा प्रवास फेकलेल्या दगडासारखा होऊ द्यायचा. अशा रीतीने जाणाऱ्या अस्त्राला बॅलिस्टिक क्षेपणास्त्र म्हणतात, आणि बातम्यांतला हा शब्द याहून अधिक गूढ नाही.

१९४२ च्या जूनमध्ये सोडलेला अग्निबाण जवळच समुद्रात कोसळला. ऑगस्टमधला ध्वनीचा वेग ओलांडून मग मोडला. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी सातव्या क्रमांकाच्या मंचावरून सुटलेला मात्र सुमारे ८५ किलोमीटर उंच गेला आणि १९० किलोमीटरवर बाल्टिकमध्ये पडला. जून १९४४ मध्ये सरळ वर सोडलेला एक ए-४ सुमारे १७५ किलोमीटर उंचीवर पोहोचला. अवकाशाची हद्द १०० किलोमीटरवर धरली, तर माणसाने बनवलेली ती अवकाशात गेलेली पहिली वस्तू होय.

समुद्रात पडलेले शोधायचे कसे?

ही शंका रास्त आहे. अग्निबाणात रंगाची भुकटी ठेवत. तो पडला की पाण्यावर हिरवा डाग पसरे आणि शोधक विमान त्यावरून पडल्याची जागा निश्चित करी. आता नौका, रडार आणि अग्निबाणातूनच रेडिओवर येणारी मापने ते काम करतात. ‘यशस्वी’ या शब्दाचा अर्थही इथेच लागतो: ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणाच्या जवळ तो गेला, आणि हे सारे मोजता आले.

तरीही समुद्र एक गोष्ट लपवतो, ती म्हणजे अवशेष. पोलंडमधील ब्लिझ्ना येथे १९४३ च्या अखेरीस जमिनीवर मारा सुरू झाला, तेव्हा अनेक ए-४ खाली पोहोचण्याआधी हवेतच फुटत असल्याचे ठळकपणे समोर आले. तुकडे वेचता आले, म्हणून दोष शोधता आला आणि पुढचा भाग आणखी बळकट करण्यात आला. चाचणीच्या दृष्टीने जमीन उपयोगी ठरली, यात शंका नाही. पण त्या जमिनीवर पोलिश शेतकरी राहत होते आणि अग्निबाण त्यांच्या गावांच्या आसपास पडत होते, हेही त्याच वाक्यात लिहिले पाहिजे.

एवढे मोठे गुपित फुटले कसे?

हजारो माणसे काम करतात तिथे गुपित टिकणे अवघडच. वेठीला धरलेल्या परदेशी मजुरांकडून आणि पोलंडच्या भूमिगत सेनेकडून ब्रिटिशांपर्यंत बातम्या जात होत्या. ब्रिटिश टेहळणी विमानांनी १९४२ पासून इथली छायाचित्रे घेतली होती. मंचांभोवतीचे मातीचे लंबगोल बांध काय आहेत, हे बराच काळ कोणाला उमगले नाही. जून १९४३ मध्ये ब्रिटिश गुप्तचर विभागातील शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांना एका छायाचित्रात आडवा ठेवलेला अग्निबाण दिसला. तरीही चर्चिल यांचे विज्ञान-सल्लागार लॉर्ड चेरवेल यांना असा अग्निबाण शक्यच वाटत नव्हता. शहाण्या माणसालाही आपल्या माहितीच्या मर्यादा निसर्गाच्या मर्यादा वाटतात, त्यातला हा प्रकार.

१७ ऑगस्ट १९४३ च्या चांदण्या रात्री ब्रिटिश वायुदलाची ५९६ विमाने निघाली. लक्ष्य केवळ कारखाने नव्हते. शास्त्रज्ञांची वसाहत हे पहिले लक्ष्य होते. परंतु जागा दाखवण्यासाठी टाकलेले पहिले दिवे सुमारे ३ किलोमीटर दक्षिणेला, ट्रासेनहाइड येथील परदेशी मजुरांच्या छावणीवर पडले आणि त्यामागून बाँबही. सातशेहून अधिक माणसे मेली, त्यांतील बहुतेक हे मजूर होते. इंजिनाचा मुख्य अभिकल्पक वॉल्टर टील त्या रात्री कुटुंबासह मारला गेला. चाळीस विमाने परत आली नाहीत. काम किती मागे पडले, याबद्दल साधारण दोन महिने असा अंदाज दिला जातो.

जर्मनांनीही चाचण्या आणि उत्पादन यांची फाळणी केली. ब्लिझ्नाला मारा हलला तसा उत्पादनाचा कारखाना जर्मनीच्या मध्यभागी, नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगराच्या पोटात गेला.

हे अग्निबाण कोणी बांधले?

हल्ल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, २८ ऑगस्ट १९४३ रोजी, बुखेनवाल्ड छळछावणीतील पहिले कैदी त्या डोंगरात पोहोचले. बोगदे खणणारे महिनोन् महिने बोगद्यातच झोपत. धूळ, ओल आणि सुरुंगांचा आवाज, आणि बाहेरचा उजेड क्वचितच. तिथल्या ‘डोरा’ या छावणीत आणि तिच्या शाखांमध्ये सुमारे ६० हजार कैदी आणले गेले आणि त्यांतील अंदाजे २० हजार मेले. हे अस्त्र जिथे जाऊन पडले तिथे मेलेल्यांपेक्षा ते बनवताना मेलेल्यांची संख्या कितीतरी मोठी आहे.

‘हे काम नाझी पोलिसांचे, अभियंत्यांचा त्याच्याशी काय संबंध?’ असा बचाव पुढे अनेक वर्षे चालला. कागदपत्रे वेगळे सांगतात. एप्रिल १९४३ मध्ये, म्हणजे हल्ल्याच्या आधीच, पेनेम्युंडेच्या कारखान्याचे अभियंता आर्थर रुडॉल्फ यांनी दुसऱ्या एका कारखान्यात कैद्यांकडून काम करून घेतले जाते हे पाहून आपल्याकडेही तसेच करावे, अशी शिफारस केली होती, आणि जूनपासून पेनेम्युंडेतच कैदी आले. फॉन ब्राउन १९३७ मध्ये नाझी पक्षात आणि १९४० मध्ये एसएस या नाझींच्या निमलष्करी संघटनेत गेले होते. ऑगस्ट १९४४ च्या एका पत्रात, कुशल कैदी निवडण्यासाठी आपण बुखेनवाल्डला जाऊन आल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे. मार्च १९४४ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, त्यांना काही दिवस अटक केली होती, हेही खरे. पण त्यामुळे ते पत्र पुसले जात नाही.

पेनेम्युंडेच्या धावपट्टीवर राबणाऱ्या कैद्यांपैकी एक होता सोव्हिएत वैमानिक मिखाइल देव्याताएव. ८ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याने नऊ साथीदारांसह एक हाइंकेल बाँबफेकी विमान पळवले आणि ते सोव्हिएत हद्दीत उतरवले. मायदेशात प्रथम त्याच्यावरच संशय घेण्यात आला. सन्मान मिळायला १९५७ उजाडले.

थोडे आधी तयार झाले असते, तर जर्मनी जिंकली असती का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्याचे उत्तर साध्या बेरजेत आहे. सप्टेंबर १९४४ ते मार्च १९४५ या काळात तीन हजारांहून अधिक व्ही-२ डागले गेले. प्रत्येकाच्या टोकाला सुमारे एक टनाचे बाँबशीर्ष, म्हणजे सारी मोहीम मिळून तीन हजार टनांच्या आसपास. पेनेम्युंडेवरच्या त्या एका रात्री ब्रिटिशांनी जवळपास १८०० टन बाँब टाकले होते. नेमही असा, की शहराएवढे मोठे लक्ष्य असेल तरच काही उपयोग.

दहशत मात्र खरी होती. व्ही-२ ध्वनीपेक्षा जलद येत असल्यामुळे भोंगा वाजत नसे. आधी स्फोट होई आणि मग तो येत असल्याचा आवाज ऐकू येई. लंडनवरचा पहिला व्ही-२ ८ सप्टेंबर १९४४ रोजी चिझिकमध्ये पडला. ब्रिटनमध्ये २७०० हून अधिक माणसे मेली आणि बेल्जियममधील अँटवर्पने लंडनहूनही जास्त मार खाल्ला; तिथे १६ डिसेंबर १९४४ रोजी एका भरलेल्या चित्रपटगृहावर पडलेल्या एकाच व्ही-२ ने ५६७ जीव घेतले.

पण याशिवाय माणूस चंद्रावर गेला असता का?

मे १९४५ च्या आरंभी फॉन ब्राउन आणि त्यांचे सहकारी अमेरिकी सैन्याला शरण गेले आणि काही दिवसांत ओसाड पेनेम्युंडे सोव्हिएत सैन्याच्या हाती पडले. अमेरिकेने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जप्त केलेले व्ही-२ उडवले. २४ ऑक्टोबर १९४६ च्या उड्डाणात एकाने १०० किलोमीटरहून अधिक उंचीवरून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. सोव्हिएत संघाने त्याची नक्कल करून ‘आर-१’ बनवला. १९६९ मध्ये चंद्राकडे गेलेला सॅटर्न-५ हा अग्निबाण फॉन ब्राउन यांच्या देखरेखीखाली घडला आणि त्याचे प्रकल्प-व्यवस्थापक होते तेच आर्थर रुडॉल्फ, ज्यांनी १९८४ मध्ये, कैद्यांच्या वागणुकीबाबत चौकशी सुरू झाल्यावर, अमेरिकी नागरिकत्व सोडून देश सोडला.

यावरून युद्ध नसते तर अवकाशयान झालेच नसते, असा निष्कर्ष लोक काढतात. मला तो घाईचा वाटतो. अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड यांनी १९२६ मध्येच द्रव इंधनाचा अग्निबाण उडवला होता आणि सोव्हिएत संघातही स्वतंत्रपणे काम चालू होते. युद्धाने पैसा आणि माणसे ओतून वेळ वाचवला, एवढे म्हणता येईल. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी पहिल्या यशस्वी उड्डाणाची पन्नाशी ‘अंतराळयुगाचा जन्मदिवस’ म्हणून साजरी करण्याचा बेत जर्मनीत आखला गेला, तेव्हा विशेषतः ब्रिटनमधून एवढा संताप उसळला की तो सोहळा गुंडाळावा लागला.

आज तिथे काय आहे?

पूर्व जर्मनीच्या सैन्याने हा परिसर अनेक दशके बंद ठेवला. वीजघर १९९० पर्यंत आसपासच्या भागाला वीज पुरवत होते. आता त्यात संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात व्ही-२ ची पूर्णाकृती प्रतिकृती उभी आहे. सातव्या मंचाच्या बांधावर झाडे वाढली आहेत, आणि न फुटलेल्या बाँबांमुळे जंगलाच्या बऱ्याच भागात जायला मनाई आहे.

उझेडोमच्या किनाऱ्यावर वादळानंतर लोक पिवळसर तपकिरी अंबर वेचायला जातात. ऑगस्ट १९४३ च्या त्या रात्री समुद्रात पडलेल्या आगलाव्या बाँबांतील पांढऱ्या फॉस्फरसचे खडेही अधूनमधून लाटांबरोबर वर येतात, आणि ओले असताना ते हुबेहूब अंबरासारखे दिसतात. खिशात टाकलेला खडा अंगाच्या उबेने सुकतो आणि तीस-एक अंश तापमानाला हवेत आपोआप पेट घेतो; फिरायला आलेली माणसे यात भाजली आहेत. म्हणून तिथे अंबर वेचणाऱ्यांना सांगतात, की सापडलेला खडा खिशात ठेवू नका, पत्र्याच्या डबीत ठेवा आणि डबी अंगापासून दूर धरा.